फणसाच्या चिकातली नाणी

फणसाच्या चिकात राळ वितळवून घातली की असा डिंक तयार होतो, की त्याने चिकटवलेली वस्तू पुन्हा म्हणून सुटत नाही. हा शोध माझा. शाळेतल्या मास्तर मंडळींनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती आणि मीही ती पुढे करून थोपटून घेतली होती. ती वस्तू पुढे कधी सोडवायची वेळ येईल, आणि ती माझ्या होणाऱ्या सासऱ्याची असेल, हे तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच. माझ्या डोक्यात फक्त त्यांची मुलगी होती.

होणारा सासरा म्हणतो खरा, पण तो होणार की नाही हेच तर सगळं त्या नाण्यांवर येऊन अडलं होतं.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. मालवणच्या बाजारात मासेवाल्या बायका नवा पैसा तळहातावर घेऊन "ह्यां काय बटाण?" म्हणून गिऱ्हाइकाच्या अंगावर परत टाकायच्या. अशा दिवसांत आमच्या हेडमास्तरांच्या मनात आलं, जुनी नाणी दिसेनाशी व्हायच्या आत शाळेत त्यांचं प्रदर्शन भरवावं. मी शास्त्र शिकवायचो, आणि शाळेत ज्या कामाला कोणी धनी नसे ते शास्त्राच्या मास्तराकडे येई. नेमकं त्याच सुमाराला आई मला घेऊन वेंगुर्ल्याच्या बाजूला मुलगी बघायला गेली.

मुलीचा बाप आगबोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. बुटका, रुंद, बोलायला कमी. मुलगी गूळपाणी ठेवून आत गेली आणि बोलायला विषय उरला नाही. तेव्हा सारंगाने फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यासमोर सुपात ओतला. बंदराबंदरांवर जमवलेली नाणी होती ती. मधे भोक असलेली, चौकोनी खाचेची, एका जाडजूड राणीचं डोकं असलेलं चांदीचं भलंमोठं नाणं, आणि तराजूचं चित्र असलेलं एक तांब्याचं, जवळजवळ काळं पडलेलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण गप्प बसेन तर मी कसला. "हे फार दुर्मिळ," असं मी प्रत्येक नाण्याला म्हटलं आणि शेवटी प्रदर्शनाची गोष्ट काढली.

सारंगाने नाणी परत डब्यात भरली. मग म्हणाला, "घेवन जावा, मास्तरांनू. पोरांका दाखवा. मी आता बोटीर जातंय, तो दिवाळीच्या सुमाराक येतलंय. तेव्हा माझी नाणी माका परत दिया, मगे चेडवाचा काय ता बोलू."

चेडू म्हणजे मुलगी, एवढं सोडलं तर यातला अर्थ त्याने उघड केला नाही. तो आईने परतीच्या वाटेवर वाटभर उघड केला. "नाणी सांभाळतलो तसोच चेडू सांभाळतलो, ह्यां बघुचा आसा तेका. कळला मा तुका? ह्यो तुझो परीक्षेचो पेपर आसा, मास्तरा."

मी काय केलं? नाणी फळ्यावर मांडायला सुताराकडून खाचा पाडून घेता आल्या असत्या. काचेखाली नुसती ठेवता आली असती. पण मुलं हात लावतील, एखादं खिशात जाईल, या धास्तीने मी ठरवलं की नाणी अशी बसवायची की ती फळ्यासकटच चोरावी लागतील. परसात कोवळे फणस लागलेले होते. एकाला चीर दिली, चीक नारळाच्या करवंटीत धरला, होड्यांच्या फटी बुजवायला लावतात ती राळ कुटून त्यात घातली आणि मंद निखाऱ्यावर शिजवली. सागवानी फळ्यावर, मुलांना अक्षरं वाचता यावीत म्हणून चित्राची बाजू खाली, प्रत्येक नाण्यामागे एक ठिपका. नाणं दाबलं की बसलंच. प्रदर्शन झकास झालं. हेडमास्तरांना तो फळा एवढा आवडला की तो त्यांनी आपल्या खोलीत टांगून घेतला, आणि सगळा पावसाळा नाणी तिथेच राहिली. जाता येता बघायचो आणि बरं वाटायचं. परीक्षेचा पेपर भिंतीवर टांगलेला, सगळ्या गावासमोर, आणि एकही नाणं कमी नाही!

दिवाळीची सुट्टी लागली आणि आमची नेहमीची मासेवाली पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "मास्तर, तुमचो सारंग इलो हां बोटीरसून. माझ्या भावाक वेंगुर्ल्याक गावलो. आयतवारी तुमच्याकडे येतलंय म्हणालो. बांगडे घेतास?"

आई म्हणाली घे. मी म्हणालो नको, आज माझ्या घशाखाली काही उतरणार नाही. मी तसाच उठून शाळेत गेलो आणि फळा खांद्यावर मारून घरी आणला.

आधी नखाने बघितलं. नख तुटलं. मग चाकूचं टोक आत सारलं, ते सटकून अंगठ्यात घुसलं. नाण्याला ओरखडा गेला नाही हे बघितल्यावरच मी अंगठ्याकडे बघितलं, यावरून माझी मनःस्थिती कळावी. गरम पाणी लावावं तर राळेवर पाण्याचा काय परिणाम होणार? तिने तर होड्या तरंगतात.

मग खोबरेल. फणस चिरताना हाताला तेल लावतात, म्हणजे चीक चिकटत नाही. लागलेला चीकही तेलानेच जातो, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. फळा आडवा टाकला, तेल कोमट केलं, पिसाने नाण्यांच्या कडेकडेने सोडलं आणि ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी नारळाच्या झापाचा हीर, म्हणजे खराट्याची काडी, घेऊन नाण्याखाली हळूच सरकवला आणि पहिलं नाणं दुधाचा दात पडावा तसं सुटलं. मग बाकीची. मला वाटलं, जिंकलो. उलटी करून बघितली तर प्रत्येकाच्या पाठीवर तपकिरी, काचेसारखा कडक पापुद्रा. चीक गेला होता, राळ राहिली होती. ती तेलाने मऊ पडत होती, नाही असं नाही, पण इतकी सावकाश की तिचं आणि माझं दोघांचं म्हातारपण बघावं लागलं असतं.

इथे माझा धीर सुटला. आणि धीर सुटल्यावर मी जे केलं ते आमच्या घरात दर आठवड्याला होतं. देवाची तांब्याची भांडी आई सोलांनी, म्हणजे आमसुलांनी, आणि राखेने घासते. घासली की लखलखतात. मी तराजूचं तांब्याचं नाणं घेतलं, भिजवलेलं सोल घेतलं, चुलीतली राख घेतली आणि मन लावून घासलं. राळ निघाली. तिच्याबरोबर नाण्याचा काळसर रंग निघाला, आणि तराजूच्या दोऱ्याही निघाल्या. हातात जे उरलं ते उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचं होतं.

आई मागून म्हणाली, "बघ कसा चकचकीत केलंस! आता सगळी कर."

मी नाणं परत ठेवलं. सगळी करायची नाहीत एवढं एक त्या दिवशी मला कळलं. घासायचं नाही, खरवडायचं नाही. राळेनेच नाणं सोडलं पाहिजे, मी राळेला हात लावायचा नाही. म्हणजे राळ ज्यात विरघळते अशा कशात तरी ती बुडवायला हवी. आणि राळ कशात विरघळते हे तर मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत होतो. अल्कोहोलमध्ये!

आता इथे सांगायला हवं की ते दारूबंदीचे दिवस होते. दवाखान्यात जाऊन मी थोडं स्पिरिट मागितलं. कंपाउंडरने आधी माझ्या डोळ्यांत बघितलं, मग जखम कुठे आहे ते विचारलं. मी अंगठा दाखवला. त्याने स्पिरिटचा एक ओला बोळा अंगठ्याला लावला, मला ठणाणा करायला लावलं आणि बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं.

मग उरला माझा एक बालमित्र. त्याची होडी होती, आणि होडी दक्षिणेकडे जरा जास्तच जायची. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा.

"मास्तर, तू? आणि फेणी?" तो जाळं बाजूला टाकून उभाच राहिला. "अरे, लग्नाच्या आदीच सुरू केलंस? लग्न झाल्यार काय करतलंस?"

"हळू बोल रे. पिण्यासाठी नाही. नाणी भिजत घालायची आहेत."

"सगळे असाच कायतरी सांगतत. येकान माका सांगितलान, बैलाच्या पायाक लावक होयी. बैल दोन म्हयने लंगडत होतो." तो माझ्याकडे कौतुकाने बघत होता. "नाण्यांचा मात्र पयलाच ऐकतंय. मास्तर म्हणजे मास्तर!"

पहिल्या धारेची हवी, जेवढी कडक तेवढी बरी, असं मी बजावलं, आणि त्याची खात्री आणखीच पटली. त्याने औषधाच्या बाटलीत भरून आणली, डोसांच्या खुणांची पट्टी तशीच. बरोबर केळीच्या पानात भाजलेले सुके बांगडे. "ह्ये नाण्यांका तोंडाक लावक," म्हणाला.

थोडी बशीत घेऊन काडी लावून बघितली. निळी ज्योत लागली आणि चांगली तगली. म्हणजे पुरेशी कडक. चिनी मातीच्या वाडग्यात नाणी एकमेकांवर चढणार नाहीत अशी मांडली, वरून फेणी ओतली आणि पडवीत उजेडाला बसलो. थोड्या वेळाने फेणी दुधाळ व्हायला लागली. राळ सुटत होती! मी कापसाच्या बोळ्याने नुसतं टिपून घ्यायचो, कोपऱ्यात अडकलेलं हिराच्या मऊ टोकाने लोटायचो, गढूळ फेणी टाकून नवी ओतायचो. चांदीच्या राणीचा गळा, मग हनुवटी मोकळी झाली. तिचं तोंड मोकळं होताना मलाही जरा श्वास घेता आला. पण श्वास घेतला की फेणीचा वास. काजूची फेणी ती. तिचा वास घरात आला की पाहुण्यासारखा खाटेवर बसतो. कपड्यांत शिरला, केसांत शिरला. डोळे लाल झाले. आई नाकाला पदर लावून म्हणाली, "मेल्या, तुझो बापूस मेलो पण ह्या घरात असो वास कधी येवक नाय. आयतवारपर्यंत सगळा लखलखीत होवक व्हया." उद्या सकाळी पडवी शेणाने सारवायची, धूप घालायचा, मी डोक्यावरून न्हायचं, असं ठरलं आणि ती पाण्याला गेली.

रविवार उद्या होता. सारंग शनिवारीच आला. कोणाचा तरी मचवा मालवणला येत होता, त्यात बसला.

"मास्तर आसत काय घराक?"

घरापुढच्या खळ्यातून आवाज आला. वाडग्यावर वर्तमानपत्र टाकलं, वाडगा पायाने बाकाखाली ढकलला आणि उठलो. एवढा वेळ वाकून बसल्याने पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. मी पुढे गेलो तो झोकांडी खाऊन खांबाला धरूनच.

सारंग पायरीवर थबकला. त्याच्या नाकपुड्या हलल्या.

"या ना, काका, बसा," मी म्हणालो. घाबरलो की मी शुद्ध बोलतो.

तो बाकावरच बसला. बरोबर वाडग्याच्या वर.

"वास कसलो?"

"कसला? हां, तो. समुद्राचा असेल. आज वारा तिकडचा आहे."

"चाळीस वर्सां दर्यात काढलंय, मास्तरांनू. दर्याक असो वास येतो तर मी घराकडे परत इलंयच नसतंय."

मी उभा. मनात एकच हिशोब चाललेला: खरं सांगावं तर नाणी गेली, न सांगावं तर मी दारुडा ठरलो. दोन्हीकडून मुलगी गेली. त्यातल्या त्यात कोणती बाजू बरी, हे ठरवायच्या आत आई कळशी घेऊन आली. तिने सारंगाला बघितलं, माझे डोळे बघितले, आणि बिचारीने सगळा भार आपल्या अंगावर घेतला.

"बरा झाला इलास. माझो झील म्हणजे कसलाच व्यसन नाय हां! सुपारीचा खांड पण तोंडात घालीत नाय."

सारंगाने पुन्हा नाक वर केलं.

"आज धूप घालुचो रवलो," असं म्हणत आई आत गेली आणि धुपाटण्यात निखारे भरून बाहेर आली. ऐन दुपारी. धुपाचा ढग करून ती पडवीभर फिरली. मग जिथून वास येतोय तिकडे, बाकाकडे, वाकली.

"आई, नको!" मी ओरडलो. "धूप नको!"

देवाच्या धुपाला नको म्हणणारा माणूस किती प्यालेला असेल, हे सारंगाच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता आलं. तेवढ्यात आईने फुंकर मारली, एक ठिणगी वर्तमानपत्रावर पडली आणि बाकाखालून भपकन निळी ज्वाळा उठली.

आई किंचाळली. मी पाण्यासाठी धावलो तो धुपाटण्यालाच अडखळलो. सारंग मात्र उठला कधी, भिंतीला टेकवलेली परात उचलली कधी आणि वाडग्यावर पालथी घातली कधी, ते मला दिसलंही नाही. पायाने परात दाबून धरून तो उभा राहिला. मग त्याने परात उचलली.

वाडग्याच्या तळाशी त्याची नाणी.

"ही माझी?"

"हो."

"फेणीत?"

"हो."

"कित्याक?"

मी सांगितलं. चीक, राळ, फळा, तेल, अंगठा, सगळं. सांगताना ते माझ्या स्वतःच्या कानालाच इतकं खुळचट वाटत होतं की मधेच थांबून मी म्हणालो, "खरंच सांगतोय हो."

त्याने खांद्यावरचा पंचा पसरला आणि नाणी एकेक करून बाहेर काढली. पुसली नाहीत, नुसती दाबून टिपली. प्रत्येक नाणं उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. राणीचं बघितलं. भोकवालं बघितलं. जाळ आला नि गेला, त्याने काही बिघडलेलं नव्हतं. मी त्याच्या कपाळावरची आठी बघत होतो आणि ती वाढत नव्हती. आणि मग त्याच्या हाताला ते तांब्याचं लागलं.

"ह्यां कोणाचा?"

"तुमचंच. मी घासलं. सोलांनी आणि राखेने."

त्याने ते अंगठ्याने चाचपलं. तराजू शोधत असावा.

"जंगबाराक पयल्यांदा उतरलंय तेव्हा ह्यां गावलेला," तो म्हणाला. "वर्सानुवर्सां कमरेक बांधून फिरलंय. तो काळो रंग माझ्या अंगाचो होतो."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने नाणं पंच्यावर ठेवलं आणि मान वर केली. "येक खरा सांग. पिलंस?" आता तो मला अरेतुरे करत होता.

"नाही."

"थेंब पण नाय?"

आई माझ्याकडे बघत होती. "बोटाला लागली होती ती चाटली."

आईने कपाळाला हात लावला.

"कशी लागली?"

"जळजळीत. परत नको वाटली."

तो पंच्याची गाठ मारत राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "दारुडो असतो तर फेणी पोटात गेली असती आणि नाणी फळ्यारच रवली असती. तुमचो झील दारुडो न्हय. तो येडो आसा."

"व्हय, व्हय!" आई घाईघाईने म्हणाली. "येडोच तो. ल्हानपणापासून!"

"दारुड्याक चेडू देवचा नाय, ह्यां माझा ठरलेला होता. येड्याचा मी कधी इचार करूक नाय." तो पायरी उतरला. "चेडवाक इचारतंय."

आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगून उपयोग नाही. पडवी आईने सारवली, पुन्हा सारवली. वास गेला, पण कोणी नाक वर केलं की मला धडकी भरायची. मासेवाली दारात आली की मी आत जायचो. ती काय निरोप आणेल याची भीती, आणि निरोप न आणता नुसतेच बांगडे आणेल याचीही. आई एकदा म्हणाली, "येडो म्हणालो ता चांगल्या अर्थान म्हणालो असतलो." त्यात चांगला अर्थ कुठे बसतो ते मी बराच वेळ शोधत होतो.

पलीकडे काय झालं ते मला लग्नानंतर कळलं. सारंगाने घरी जाऊन मुलीला समोर बसवलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. ज्वाळा उठली तोपर्यंत ती गंभीर होती. "ल्हानपणापासून" इथे आल्यावर ती जी हसत सुटली ती थांबेचना. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना, उचकी लागली. बापाने थोडा वेळ वाट बघितली, मग आत बायकोला सांगितलं, "हो म्हणता," आणि पान खायला बाहेर गेला.

ती हो म्हणाली नव्हती. ते ती आजही ठासून सांगते. हसणं वेगळं आणि हो म्हणणं वेगळं, आपल्याला धड विचारलंच नाही, उचकी थांबायच्या आत निरोप गेलासुद्धा. मी म्हणतो, मग उचकी थांबल्यावर नाही म्हणायचं होतंस. त्यावर ती पुन्हा हसायला लागते, आणि मला काही ते हसणं आजवर नीट कळलेलं नाही.